पळणाऱ्याच्या टाचा धरणारे पिल्लू: जर्मन शेफर्ड आणि इतर मेंढपाळी जातींसाठी समस्या निवारण

लक्षणे

घरात मूल धावले की पिल्लू त्याच्या मागे धावते आणि टाच, पोटरी किंवा पँटचा काठ दातांत धरते. साडीच्या निऱ्या, लुंगीचे टोक, फिरती केरसुणी आणि अंगणातून ओढत नेलेला पाण्याचा पाइप यांच्या वाट्यालाही तेच येते. मूल थांबले की पिल्लूही बहुधा थांबते आणि मूल पुन्हा पळाले की सारे पुन्हा सुरू होते. फाटकाबाहेरून दुचाकी गेली तर ते कुंपणाच्या आतून तिच्या बरोबरीने धावत भुंकते. घरातली माणसे दोन खोल्यांत विभागली गेली की ते या खोलीतून त्या खोलीत फेऱ्या मारत राहते. काही पिल्ले, विशेषतः बॉर्डर कोलीची, झेप घेण्याआधी मान खाली घालून, अंग चोरून आणि नजर रोखून क्षणभर थबकतात. हा प्रकार दिवसभर सारखा नसतो. संध्याकाळी ७ ते ९ या वेळात त्याचा कळस होतो. पिल्लाचे वय साधारणपणे ८ आठवडे ते ८-९ महिने असते.

यातली तीन-चार लक्षणे जुळत असतील तर पुढील तपासण्या क्रमाने कराव्यात. मात्र पिल्लू स्थिर बसलेल्या माणसाला चावत असेल, खाण्याच्या भांड्याजवळ कोणी गेले की अंग ताठ करून गुरगुरत असेल किंवा चावून लगेच पलंगाखाली लपत असेल, तर तो वेगळा दोष आहे आणि त्यासाठी थेट शेवटच्या भागाकडे जावे.

मी पशुवैद्य नाही आणि प्रशिक्षण हा माझा व्यवसायही नाही. गेल्या अठरा वर्षांत माझ्या घरी चार जर्मन शेफर्ड वाढले, आणि त्या निमित्ताने जुळे सोलापूर, विजापूर रोड आणि होटगी रोड या भागांतल्या ओळखीच्या घरांतून हाच एक दोष पाहण्यासाठी मला वारंवार बोलावणे येत गेले. तक्रारीचे वाक्यही बहुतेक वेळा ठरलेले असते: "आमचे पिल्लू चिडके निघाले." प्रत्यक्षात जाऊन पाहिले तर पिल्लू चिडलेले नसते; ते कामावर असते.

हे काम कोणते, ते आधी समजून घ्यावे

लांडग्याच्या शिकारीत सावज हेरणे, नजर रोखणे, दबा धरून पुढे सरकणे, पाठलाग करणे, पकडणे आणि मारणे अशा पायऱ्या असतात. मेंढ्या वळणाऱ्या जाती तयार करताना माणसाने पिढ्यान् पिढ्या अशी निवड केली की आधीच्या पायऱ्या ठळक झाल्या आणि मारण्याची शेवटची पायरी क्षीण झाली. बॉर्डर कोलीत नजर रोखण्याची पायरी उरली, कॉर्गीसारख्या गुरे हाकणाऱ्या जातीत टाच धरण्याची. माक्स फॉन स्टेफानिट्झ यांनी १८९९ मध्ये जर्मनीत ज्या जातीची रीतसर नोंदणी सुरू केली, त्या जर्मन शेफर्डच्या पूर्वजांकडे तर आणखी एक काम होते. कुंपण नसलेल्या मुलखात चराऊ पट्टा आणि उभे पीक यांच्या मधल्या सीमेवर दिवसभर फेऱ्या घालायच्या आणि सीमा ओलांडू पाहणाऱ्या मेंढीला मागे ढकलायचे, हे ते काम. आपल्या भाषेत सांगायचे तर तो बांधावरचा राखणदार होता. फाटकाच्या आतून दुचाकीच्या बरोबरीने धावणारे पिल्लू तोच बांध सांभाळत असते.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक वाटते, कारण आपल्या जिल्ह्यात तो फार आढळतो. मंगळवेढा-सांगोला भागातल्या धनगरांच्या कळपाबरोबर दिसणारी कुत्री शांत असतात, मेंढरांच्या टाचांना दात लावत नाहीत, मग हे महागडे विलायती पिल्लूच असे का, हा प्रश्न मला अनेकदा विचारला जातो. याचे उत्तर असे की आपल्याकडे मेंढरे वळण्याचे काम माणूस करतो. शीळ, हाळी आणि काठी त्याच्या हातात असते. कुत्र्याचे काम रात्री वाड्याभोवती बसून लांडग्यापासून कळप राखण्याचे असते. राखणाऱ्या कुत्र्याला पळत्या मेंढीचा मोह पडून चालत नाही, तर वळणाऱ्या कुत्र्याला तो मोह नसेल तर त्याचा उपयोग नाही. दोघांची तुलना करून पिल्लाला दोष देणे अन्यायाचे आहे.

पहिली तपासणी: झोप

ही तपासणी सर्वांत आधी ठेवण्याचे कारण असे की तिला एक पैसाही लागत नाही, आणि मी पाहिलेल्या बहुसंख्य घरांतला अर्धा त्रास येथेच संपला आहे. लहान पिल्लाला दिवसाच्या २४ तासांत १८ ते २० तास झोप लागते. मेंढपाळी जातीचे पिल्लू स्वतःहून झोपत नाही, हीच खरी अडचण आहे. घरात कोणी हलले की ते उठते, दारात कोणी आले की उठते, कुकरची शिट्टी झाली की उठते, कारण लक्ष ठेवणे हाच त्याच्या जातीचा गुण आहे. एकत्र कुटुंबात सकाळी शाळेची मुले, दुपारी आजी-आजोबा आणि संध्याकाळी नोकरीवरून परतलेली माणसे असा राबता असतो, आणि प्रत्येक जण पिल्लाशी आपल्या वाटणीचे खेळून घेतो. माणसे पाळीपाळीने दमतात. पिल्लू एकटेच सर्व पाळ्या करते. संध्याकाळी ७ वाजता ते जे थैमान घालते, ते बहुधा न झोपलेल्या लहान मुलाचे रडणे असते.

तपासणी अशी करावी: तीन दिवस एका वहीत पिल्लू किती वाजता झोपले आणि किती वाजता उठले ते लिहावे, आणि प्रत्येक चाव्याची वेळही त्याच वहीत नोंदवावी. बेरीज १५-१६ तासांच्या खाली आली तर पुढच्या तपासण्या सध्या बाजूला ठेवाव्यात. पिल्लू सुमारे एक तास जागे राहिले की त्याला शांत, अंधाऱ्या कोपऱ्यात, पिंजऱ्यात किंवा जाळीने अडवलेल्या खोलीत नेऊन दीड-दोन तास झोपवावे. सुरुवातीला ते कुरकुर करते. जवळ स्थिर बसून राहावे, बोलू नये, कुरवाळू नये. पिंजऱ्यावर जुनी चादर टाकल्यास बाहेरची हालचाल दिसत नाही. आपल्या गावात जुन्या चादरीला तोटा नाही. पिंजरा शिक्षा म्हणून मात्र कधीही वापरू नये, अन्यथा झोपेची जागाच भीतीची जागा होते.

माझ्या दुसऱ्या कुत्र्याच्या वेळी मी नेमके उलटे केले होते. पिल्लू उच्छाद मांडते म्हणजे त्याची शक्ती शिल्लक आहे असे समजून मी त्याला चार महिन्यांच्या वयात सकाळ-संध्याकाळ दमेपर्यंत पळवत असे. महिनाभरात उच्छाद कमी झाला नाही. पिल्लाचा दम तेवढा वाढला.

दुसरी तपासणी: चावल्यावर घर काय करते

हीसुद्धा फुकटची तपासणी आहे, पण येथे पिल्लाऐवजी माणसांना तपासायचे असते, म्हणून ती थोडी अवघड जाते. पळणारी वस्तू थांबवणे किंवा वळवणे हेच पिल्लाचे बक्षीस आहे. मूल किंचाळून पळाले, हात झटकले, पाय मागे ओढला, तर पिल्लाच्या दृष्टीने मेंढी हलली आणि काम पुढे सरकले. वर्तमानपत्राची गुंडाळी करून मारणे, मानगूट धरून उलटे पाडणे किंवा तोंड आवळून धरणे यांमुळे पिल्लू काही वेळ दबते खरे, पण त्यातून ते माणसाच्या हाताला घाबरायला शिकते. घाबरलेले पिल्लू मोठेपणी गुरगुरण्याची पूर्वसूचना न देता चावू लागण्याचा धोका असतो. पहिल्या कुत्र्यावर मी गुंडाळी वापरली होती आणि तिचा परिणाम एवढाच झाला की त्याने पुढची दोन वर्षे वर्तमानपत्र टाकणाऱ्या मुलावर राग धरला.

घरातल्या मुलांना मी एकच गोष्ट शिकवतो. पंढरपूर आपल्याच जिल्ह्यातले असल्याने ती समजावून सांगावी लागत नाही: पिल्लू मागे लागले की विटेवरच्या विठोबासारखे उभे राहायचे. पाय जुळलेले, दोन्ही हात कमरेवर, नजर समोर, तोंड बंद. हात कमरेवर असल्यामुळे बोटे पिल्लाच्या तोंडापासून दूर राहतात आणि पाय जुळल्यामुळे पाठलाग करण्याजोगे काही उरत नाही. पाच-दहा सेकंदांत पिल्लाचा रस सुटतो. त्याच क्षणी मोठ्या माणसाने शांतपणे पिल्लाला हाक मारून त्याच्या तोंडात खेळणे द्यावे. पाच वर्षांखालील मुलांकडून ही शिस्त पाळली जाण्याची अपेक्षा करू नये; अशा मुलांना आणि पिल्लाला मोठ्या माणसाच्या नजरेविना एकत्र ठेवायचेच नाही.

नियम घरातल्या प्रत्येकाने पाळला पाहिजे. एका घरी सगळे विठोबा झाले होते, पण मामा संध्याकाळी येऊन पिल्लाशी हाताने कुस्ती खेळत. पिल्लाने शिकायचे ते मामांकडूनच शिकले.

तिसरी तपासणी: ऊन, पाण्याचा दिवस आणि आवाज

एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे पारा ४२ अंशांच्या वर जातो. दुहेरी केसांच्या या जाती थंड मुलखातून आलेल्या आहेत. कुत्र्याला माणसासारखा घाम येत नाही. शरीरातली उष्णता ते मुख्यतः धापा टाकून बाहेर टाकते. दिवसभर उकाड्याने त्रासलेले पिल्लू संध्याकाळी चिडचिडे होणे स्वाभाविक आहे. म्हणून उन्हाळ्यात फिरणे आणि शिकवणे सकाळी साडेसहाच्या आत आणि रात्री रस्ता निवल्यावरच करावे. तळहाताची मागची बाजू डांबरावर ठेवून पाच सेकंद सहन झाली नाही तर पिल्लाचे पायही तेथे ठेवू नयेत. केस भादरून टाकण्याचा सल्ला अनेक जण देतात, तो मानू नये. आतली मऊ लव विंचरून काढली की पुरते, आणि वरचे केस उन्हापासून कातडीचे रक्षण करतात.

उन्हात खेळल्यावर पिल्लू न थांबता धापा टाकू लागले, लाळ घट्ट झाली, हिरड्या गडद लाल दिसल्या किंवा चाल अडखळली, तर तो उष्माघात समजावा. सावलीत नेऊन अंगावर साधे गार पाणी ओतत, पंखा लावून, विलंब न करता डॉक्टरांकडे न्यावे.

वहीतल्या नोंदी पाहताना एक मजेशीर गोष्ट लक्षात येते. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, आणि ज्या दिवशी येते त्या दिवशी सारे घर बादल्या, घागरी आणि पाइप घेऊन धावत असते. चाव्यांची संख्या त्या दिवशी हमखास वाढते. यावर उपाय म्हणजे पाणी भरेपर्यंत पिल्लाला बंद खोलीत चघळायला काहीतरी देऊन बसवणे. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेच्या वेळी होम मैदानावर शोभेचे दारूकाम होते त्या रात्रीही हेच करावे, कारण या जाती आवाजाला फार तीव्र प्रतिसाद देतात आणि घाबरलेल्या पिल्लाच्या अंगातली बेचैनी दुसऱ्या दिवशीही उतरलेली नसते.

चौथी तपासणी: दात आणि पोट

पिल्लाला २८ दुधाचे दात असतात. साधारण साडेतीन-चार महिन्यांपासून ते पडू लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत ४२ कायमचे दात येतात. या काळात हिरड्या ठणकतात आणि दाबायला काहीतरी हवेच असते. सोलापुरी टॉवेलचा जुना तुकडा घ्यावा, त्याला घट्ट गाठी माराव्यात, पाण्यात भिजवून फ्रीजरमध्ये ठेवावा आणि पिल्लाला समोर बसून चघळू द्यावा. सुताचे धागे निघू लागले की तो तुकडा फेकून द्यावा, कारण गिळलेला लांब धागा आतड्यात अडकून शस्त्रक्रियेची वेळ आणू शकतो. थंड केलेले अख्खे जाड गाजरही चालते. शिजवलेले हाड कधीही देऊ नये. त्याचे टोकदार तुकडे होतात. नवा सुळा आल्यानंतरही दुधाचा सुळा शेजारी तसाच उभा असेल तर डॉक्टरांना दाखवावे.

खाण्याच्या बाबतीत थोडक्यात सांगायचे तर नुसत्या दूध-भाकरीवर हे पिल्लू वाढत नाही. अपुरे प्रथिन, भूक आणि जंत या तिन्हींमुळे पिल्लू सतत तोंड घालत राहते. चार महिन्यांपर्यंत दिवसातून तीन-चार वेळा खाणे, डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे जंतांचे औषध आणि स्वच्छ पाणी एवढे सांभाळले तरी फरक दिसतो. मोठ्या जातीच्या पिल्लाला मनाने कॅल्शियमचे औषध सुरू करू नये. जादा कॅल्शियमने हाडांची वाढ बिघडते. शिकवताना खाऊ म्हणून बेदाणे देण्याची सवय आपल्या भागात दिसते, कारण ते घरोघरी असतात. द्राक्षे आणि बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक आहेत, त्यामुळे एकही देऊ नये. कांदा, लसूण आणि चॉकलेटही कधी देऊ नये. उकडलेल्या चिकनचे किंवा अंड्याचे हरभऱ्याएवढे तुकडे पुरेसे होतात.

पाचवी तपासणी: दोरी आणि फाटक

येथून थोडा खर्च सुरू होतो. पाठलागाची प्रत्येक यशस्वी फेरी ही पिल्लासाठी शिकवणी असते, म्हणून नवे काही शिकवण्याआधी जुन्या शिकवण्या बंद कराव्या लागतात. घरात पिल्लाच्या अंगावर छातीपट्टा आणि त्याला दीड-दोन मीटरची हलकी दोरी असू द्यावी, म्हणजे ते मुलामागे सुटले तर न ओरडता किंवा झडप न घालता दोरीवर पाय ठेवून त्याला थांबवता येते. हे मोठ्या माणसाच्या समोरच करावे. एकट्या पिल्लाच्या अंगावर दोरी ठेवली तर ती कुठेतरी गुंतते. गळ्यात आवळणारी साखळी या वयात वापरू नये.

फाटकाच्या खालच्या दोन-अडीच फुटांवर पत्रा, चटई किंवा हिरवी जाळी बांधून रस्ता दिसेनासा केल्यास दुचाक्यांमागचे धावणे पहिल्याच आठवड्यात निम्म्यावर आलेले मी पाहिले आहे. पिल्लू अंगणात एकटे सोडणे मात्र थांबवावे लागते. दिवसभर अंगणात राहिले की त्याला व्यायाम मिळतो अशी समजूत आहे. त्याला मिळतो तो पाठलागाचा सराव. गावाबाहेर माळावर दोरीशिवाय सोडण्याची हौसही आवरावी. तेथे दुसऱ्याची शेरडे-मेंढरे चरत असतात, आणि नान्नजच्या बाजूला तर माळढोकासारख्या जमिनीवर अंडी घालणाऱ्या पक्ष्याचे अभयारण्य आहे. सुटे कुत्रे अशा पक्ष्याच्या जिवावर उठते.

लसीकरण पूर्ण होण्याआधी पिल्लू रस्त्यावर उतरवू नये, कारण पार्व्हो या उलट्या-जुलाबांच्या जीवघेण्या रोगाचा विषाणू मातीत दीर्घकाळ टिकतो. पण जग ओळखण्याचे त्याचे वयही तेव्हाच, म्हणजे तीन ते चौदा आठवड्यांच्या दरम्यान असते. ही कोंडी सोडवण्यासाठी पिल्लाला कडेवर घेऊन सात रस्त्याच्या कोपऱ्यावर दहा मिनिटे उभे राहावे किंवा रिक्षातून एक फेरी मारावी. जमिनीला पाय न लावता त्याला सायकली, बस, हातगाड्या आणि गर्दी पाहता येते. ज्या पिल्लाने या वयात शंभर दुचाक्या शांतपणे पाहिल्या, त्याला पुढे त्यांच्यामागे धावावेसे कमी वाटते.

सहावी तपासणी: पिल्लाला पर्यायी काम आहे का

झोप, घर, ऊन, दात आणि दोरी यांची घडी बसल्यानंतरच या पायरीवर यावे. अनेक जण येथूनच सुरुवात करतात आणि थकलेल्या, दात ठणकणाऱ्या पिल्लाला "बस", "थांब" शिकवू पाहतात. ते जमत नाही आणि दोष पुन्हा पिल्लावर येतो.

पहिले काम म्हणजे ओढाओढीचा खेळ. दोन हात लांबीचे जाड कापड जमिनीवरून सापासारखे ओढावे, पिल्लाला पकडू द्यावे, थोडे ओढू द्यावे, मग हात एकदम सैल सोडून "दे" म्हणावे आणि नाकाजवळ खाऊ धरावा. कापड सोडले की खाऊ मिळतो आणि लगेच खेळही परत सुरू होतो. यातून पकडण्याची ओढ भागते, आणि तोंडातली वस्तू सोडल्याने खेळ संपत नाही हे पिल्लाला कळते. एका वेळी दोन-तीन मिनिटे पुरेत. नियम एकच: दात कातडीला लागले की खेळ तेथेच बंद, न ओरडता.

दुसरे काम म्हणजे लक्ष फिरवणे. दुचाकी जेथून दिसेल पण पिल्लू अजून ताठ झालेले नसेल अशा अंतरावर बसावे. पहिल्या दिवशी हे अंतर तीस-चाळीस मीटरही असू शकते. दुचाकी दिसली, पिल्लाने तिच्याकडे पाहिले, की हळू आवाजात नाव घ्यावे आणि ते वळून आपल्याकडे पाहताच खाऊ द्यावा. आठ-दहा दुचाक्या झाल्या की घरी यावे. काही दिवसांत पिल्लू दुचाकी दिसताच आपणहून मालकाकडे वळून पाहू लागते. तो क्षण आला की अंतर थोडेसे कमी करावे. पिल्लू खाऊ नाकारून दुचाकीवरच नजर रोखून बसले, तर आपण फार जवळ आलो आहोत. मागे सरकावे. या पायरीवर लोक घाई करतात आणि आठवडाभराची कमाई एका संध्याकाळी घालवतात.

तिसरे काम दिसायला कंटाळवाणे, पण मला सर्वांत मोलाचे वाटते: काहीच न करणे. एक ठरावीक चादरीची घडी जमिनीवर टाकावी, पिल्लू तिच्यावर आडवे झाले की पुढच्या पायांमध्ये शांतपणे खाऊचा तुकडा ठेवावा, आणि समोर मुलाला आधी चालायला, नंतर भरभर चालायला, आणि दोन-तीन आठवड्यांनी हळू पळायला सांगावे. पिल्लू उठले तर मूल विठोबा होते. पिल्लू पुन्हा आडवे झाले तर मूल पुन्हा चालते. कळप हलत असताना पडून राहणे हेही काम आहे, आणि चांगल्या बॉर्डर कोलीला मेंढपाळ तेही शिकवतोच.

लेझरच्या लाल ठिपक्यामागे पिल्लाला पळवणे मात्र कटाक्षाने टाळावे. या जातींत त्यातून सावल्या आणि कवडशांच्या मागे तासन् तास धावण्याचे वेड जडू शकते आणि ते सुटता सुटत नाही. वाढत्या वयात मोटारसायकलच्या मागे दोरीने पळवणे, वारंवार जिने चढवणे-उतरवणे आणि उंच उड्या मारायला लावणे यांमुळे कच्च्या सांध्यांवर ताण येतो. मोठ्या जातींची हाडे भरायला वर्ष-दीड वर्ष लागते.

सातवी तपासणी: शरीर दुखते आहे का

पिल्लू आधी ठीक होते आणि अचानक चिडचिडे झाले, तर शिकवणी थांबवून डॉक्टरांकडे जावे. जर्मन शेफर्डमध्ये पाच महिन्यांनंतर लांब हाडांत दुखणे उद्भवू शकते. आज पुढचा पाय लंगडतो, पंधरा दिवसांनी मागचा. खुब्याच्या सांध्याचा आनुवंशिक दोषही या जातीत आढळतो: उठताना वेळ लागणे, मागचे दोन्ही पाय एकत्र टाकत सशासारखे पळणे ही त्याची चिन्हे आहेत आणि निदान एक्स-रेने होते. गोचिडांमुळे येणारा ताप आपल्याकडे सर्रास दिसतो. खाणे सुटले, हिरड्या फिक्या पडल्या, लघवी गडद झाली किंवा ताप १०३ अंश फॅरनहाइटच्या वर गेला तर रक्ततपासणी करून घ्यावी.

गोचीड किंवा खरजेसाठी आयव्हरमेक्टिनचे इंजेक्शन कोणी सुचवले तर पिल्लाची जात डॉक्टरांना आवर्जून सांगावी. रफ कोली, शेल्टी, ऑस्ट्रेलियन शेफर्ड आणि काही प्रमाणात जर्मन शेफर्ड यांच्यात एक जनुकीय दोष असतो, ज्यामुळे हे औषध मेंदूपर्यंत पोहोचून कुत्रे कोसळू शकते. शेळ्या-मेंढ्यांसाठी आणलेल्या बाटलीतले उरलेले औषध पिल्लाला टोचणे तर जिवाशी खेळ आहे. ओळखीच्या एका घरात ते घडले. पिल्लू तीन दिवस आडवे पडून होते आणि सुदैवाने वाचले.

कोठे थांबावे

पुढीलपैकी काहीही दिसले तर घरगुती उपाय बंद करावेत. पिल्लू सहा महिन्यांचे झाल्यावरही त्याच्या चाव्याने कातडी फाटत असेल. ते न पळणाऱ्या माणसाला चावत असेल. खाणे, खेळणे किंवा जागा राखण्यासाठी गुरगुरत असेल. घरात रांगते मूल असेल आणि दोघांना वेगळे ठेवणे शक्य नसेल. अथवा वरच्या पहिल्या सहा तपासण्या तीन आठवडे प्रामाणिकपणे करूनही वहीतली चाव्यांची संख्या खाली येत नसेल. अशा वेळी आधी पशुवैद्य आणि दुखणे नाही अशी खात्री झाल्यावर प्रशिक्षक, हा क्रम ठेवावा. पिल्लू महिनाभर आपल्याकडे नेऊन शिकवून परत देतो म्हणणाऱ्यापेक्षा घरी येऊन घरच्यांना शिकवणारा प्रशिक्षक निवडावा, कारण टाचा तुमच्या घरात धरल्या जात आहेत. त्याचा एक तास आधी पाहावा. विजेचा झटका देणारा पट्टा किंवा काठी बाहेर निघाली तर नमस्कार करून परत यावे.

दाताने कातडी फुटली किंवा ओरखडा उठला, तर चावा घरच्या पिल्लाचा असला तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवून रेबीजच्या लसीबाबत त्यांच्या सल्ल्याप्रमाणे वागावे. हळद, चुना, तिखट काहीही लावू नये. पिल्लाला रेबीजची पहिली लस साधारण तीन महिन्यांच्या वयात मिळते, म्हणजे त्याआधी त्याला संरक्षण नसते. पिल्लाचा आवाज बदलला, लाळ गळू लागली, गिळता येईना किंवा चाल लटपटली, तर घशात हाड अडकले असेल म्हणून तोंडात हात घालू नये. त्याला खोलीत बंद करावे, माणसांना दूर ठेवावे आणि पशुवैद्यांना फोन करावा.

डॉक्टर किंवा प्रशिक्षक यांच्याकडे जाताना ती वही बरोबर न्यावी आणि मोबाइलवर काढलेला मिनिटभराचा व्हिडिओही न्यावा, कारण अनोळखी जागी पिल्लू घरच्यासारखे वागत नाही. व्हिडिओ काढणाऱ्याने एका जागी उभे राहावे. मागे मागे सरकत काढला तर पडद्यावर फक्त दात दिसतात.